भ्रमणध्वनीचे अंतरंग – लेखांक ६ : पाळतीचे परवाने

गेल्या लेखांकात आपण पाहिले की, अँड्रॉइड प्रणालीत प्रत्येक ॲप स्वतःच्या बंदिस्त आवारात नांदते आणि एकाचे दप्तर दुसऱ्यास उघडता येत नाही. असे असताना मुलाचे संदेश आईस आणि कर्मचाऱ्याचा ठावठिकाणा मालकास दूरवरून कसा कळतो, हा प्रश्न साहजिक आहे. आणि त्याचे उत्तर असे की, देखरेखीच्या सॉफ्टवेअरला सहसा कोणतीही भिंत फोडावी लागत नाही. फोन ज्याच्या हाती आहे तो मनुष्य, मग तो त्याचा धनी असो वा धनी झोपला असता फोन उचलणारा कोणी आप्त असो, एकेका परवान्यावर बोट ठेवत जातो आणि स्थळ, सूचना, संपर्क यांची दारे रीतसर उघडतात.

या परवान्यांत सर्वांत व्यापक अधिकार ‘ॲक्सेसिबिलिटी’ या सेवेचा. दृष्टिहीनास पडद्यावरील मजकूर वाचून दाखवता यावा, ज्याची बोटे चालत नाहीत त्याच्या वतीने बटणे दाबता यावीत, अशा अत्यंत मंगल हेतूने ती निर्माण झाली. गूगलचे टॉकबॅक तिच्याच आधारे बोलते. परंतु जे मोठ्याने वाचता येते ते मुकाट्याने टिपूनही घेता येते. व्हॉट्सॲपने २०१६ साली सर्व संदेश कूटबद्ध केले, म्हणून ते तिसऱ्यास वाचता येणारच नाहीत, ही समजूत वाटेवरील संदेशापुरती खरी आहे. वाचणाऱ्याच्या पडद्यावर तो संदेश उलगडावाच लागतो आणि हे सॉफ्टवेअर नेमके तेथेच ठाण मांडून असते. टिपलेला मजकूर विक्रेत्या कंपनीच्या सर्व्हरवर रवाना होतो व पालक अथवा मालक तो तेथून वाचतो. म्हणजे ज्या मुलाच्या रक्षणार्थ ही तजवीज केली, त्याचेच खाजगी दप्तर एका तिऱ्हाइताच्या स्वाधीन होते. एमस्पाय या सेवेकडील अशी माहिती २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये उघड्यावर पडली होती.

सर्वच देखरेख या जातीची नसते. गूगलने २०१७ साली आणलेली फॅमिली लिंक वेळेवर मर्यादा घालते, नवे ॲप घेण्यास पालकांची मंजुरी मागते, स्थळ दाखवते. संदेश मात्र वाचत नाही, आणि देखरेख चालू असल्याचे मुलास कळते. कचेऱ्यांसाठी अँड्रॉइडने २०१४ पासून ‘वर्क प्रोफाइल’ दिले, ज्यात मालकाचा अंमल मुख्यत्वे कामाच्या ॲपांपुरता चालतो. फोनच मालकाचा असेल तर तो अंमल फार दूरवर पोहोचतो. हरियाणातील आशा कार्यकर्त्यांना सरकारने दिलेल्या फोनांत असे नियंत्रक ॲप घालण्यात आले, तेव्हा २०२१ साली त्यांनी त्यास विरोध केला. अल्प मोबदल्यावर दारोदार हिंडणाऱ्या या स्त्रियांचा तो विरोध, माझ्या मते, सर्वथा रास्त होता.

याहून भयंकर ती ॲपे, जी आपले चिन्ह लपवतात आणि प्रणालीचाच एखादा भाग असल्यासारखे नाव धारण करतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ साली स्पायफोन या अशाच एका ॲपच्या चालकांस या धंद्यातूनच हद्दपार केले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे, आणि दुसऱ्याच्या फोनमधील माहिती त्याच्या अनुमतीवाचून अप्रामाणिक हेतूने काढणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. विवाहसंबंध हा या कामी परवाना होत नाही.

वाचकांनी आपल्या फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीचा अधिकार कोणकोणत्या ॲपांस आहे आणि घातक ॲपे हुडकणारी गूगलची प्ले प्रोटेक्ट ही सोय कोणी बंद तर केलेली नाही ना, हे आजच पाहावे. एखाद्या भगिनीस तेथे अनोळखी नाव आढळले आणि घरातील कोणापासून भय असेल, तर ते ॲप घाईने काढू नये, कारण पाळत ठेवणाऱ्यास ते कळू शकते आणि पुरावाही नष्ट होतो. विश्वासातील व्यक्तीच्या फोनवरून १८१ या महिला साहाय्य क्रमांकावर आधी बोलावे.