उथळ पाण्याची जुनी होडी विकताना

वापरलेली मोटारगाडी विकायची झाली, तर नोंदणीपुस्तक, विमा आणि दोन-चार किलोमीटरची फेरी एवढ्यावर सौदा पुढे सरकतो. शिडाची लहान होडी विकताना मात्र असा ठरलेला मार्ग नसतो. तिला निश्चित बाजारभाव नाही, तिच्या तळाची खरी अवस्था काठावरून दिसत नाही आणि तिच्यातील एखादा दोष लपून राहिला, तर त्याची भरपाई पैशाने होईलच असे नाही. नदी, सरोवरे आणि पाणथळ जमिनी यांनी वेढलेल्या कोलकाता शहराच्या संदर्भात हा विषय समजून घेणे उद्बोधक ठरेल.

पाण्याचे शहर

कोलकाता हे हुगळी नदीवरील बंदर आहे. येथील बंदर विश्वस्त व्यवस्था १८७० मध्ये अस्तित्वात आली. समुद्रापासून दूर, गाळाने भरलेल्या नदीतून जहाजे आणणे हे या बंदरापुढचे कायमचे आव्हान राहिले आहे. दामोदर आणि रूपनारायण या नद्या हुगळीला मिळतात, त्या भागातील ‘जेम्स अँड मेरी’ नावाचा वाळूचा उंचवटा सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथे बुडालेल्या एका जहाजाच्या नावाने ओळखला जातो. गाळ वाहून जावा आणि बंदर चालू राहावे, या हेतूने बांधलेला फराक्का बंधारा १९७५ मध्ये कार्यान्वित झाला.

शहराच्या दक्षिण भागात रवींद्र सरोवर आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहर सुधार न्यासाने खोदलेल्या या तलावाच्या काठी नौकानयन मंडळे आहेत. शहराच्या पूर्वेला सुमारे साडेबारा हजार हेक्टर क्षेत्रावर पसरलेल्या पाणथळ जमिनींना २००२ मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले. तेथील मत्स्यतळी उथळ असून मच्छीमार त्यांत सपाट तळाच्या होड्या वापरतात.

लहान होडीशी या शहराचे नाते केवळ उपजीविकेचे नाही. पिनाकी चटर्जी आणि जॉर्ज ड्यूक हे दोन साहसी तरुण १९६९ मध्ये एका लहान वल्ह्यांच्या होडीतून कोलकात्याहून अंदमानला गेले. मराठी वाचकांना विशेष वाटावे असे म्हणजे, त्या होडीला मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले होते. लहान होडीसाठी इंग्रजीत रूढ झालेला ‘डिंगी’ हा शब्दही याच देशातील. बंगाली आणि हिंदी भाषांतील ‘डिंगी’वरून तो जगभर गेला.

उथळ पाण्यासाठी वेगळी रचना

होडीचा जेवढा भाग पाण्याखाली राहतो, तेवढी खोली तिला तरंगण्यासाठी लागते. मोठ्या शिडाच्या नौकेच्या तळाला जड, स्थिर कणा असतो. त्यामुळे ती वाऱ्याच्या दाबाने सहसा उलटत नाही. परंतु उथळ पाण्यात तिचा तळ गाळात रुतण्याचा धोका असतो.

बंगालच्या पारंपरिक होड्यांनी हा प्रश्न आपल्या परीने सोडवला. त्यांपैकी बहुतेकींचा तळ गोलसर किंवा सपाट असून त्याला बाहेर आलेला कणा नसतो. फळ्या कडेला कड लावून चपट्या लोखंडी आकड्यांनी जोडल्या जातात आणि त्यांवर गाब या फळाचा रस व डांबर यांचा लेप दिला जातो. हुगळी जिल्ह्यातील बलागड हे गाव होडीबांधणीसाठी प्रसिद्ध आहे. अशी होडी चिखलावरही टेकते. मात्र तिचे शीड मुख्यतः मागून येणाऱ्या वाऱ्यावर उपयोगी पडते. वारा समोरून असला की वल्ही, बांबू किंवा काठावरून ओढण्याचा दोर यांचा आधार घ्यावा लागतो.

आधुनिक कौटुंबिक होडीत यावर वेगळा तोडगा आहे. तिच्या तळाच्या मध्यभागी एक उभी खाच असते आणि तीतून वर-खाली करता येणारी फळी बसवलेली असते. तिला सेंटरबोर्ड म्हणतात. फळी खाली सोडली की होडी वाऱ्याने आडवी सरकत नाही आणि तिरक्या दिशेने वळणे घेत वाऱ्यासमोरही चढू शकते. फळी वर घेतली की तीच होडी वीतभर पाण्यात काठाला लागते. सुकाणूचे पातेही बहुधा असेच उचलता येते.

या वर्गातील भारतात परिचित असलेली होडी म्हणजे ‘एंटरप्राइज’. जॅक होल्ट या ब्रिटिश रचनाकाराने १९५६ मध्ये आखलेली, सुमारे चार मीटर लांबीची ही दोघांची होडी आहे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील शिडांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. त्यात एंटरप्राइज वर्गाचे सुवर्णपदक पाकिस्तानच्या बैराम आवारी आणि गोश्पी आवारी या दांपत्याने पटकावले होते. पती-पत्नी मिळून चालवू शकतील अशी होडी स्पर्धेतही किती पुढे जाऊ शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

विक्रीपूर्वीची तपासणी

जुन्या होडीची किंमत तिच्या वयापेक्षा अवस्थेवर ठरते. ही अवस्था विक्रेत्याने आधी स्वतः पाहणे आणि मग खरेदीदाराला दाखवणे हिताचे असते. त्यासाठी होडी पाण्याबाहेर काढून, उलटी करून आणि पूर्ण वाळवून ठेवावी लागते. ओल्या तळावरील रंग अनेक दोष झाकतो.

होडी लाकडी असेल, तर फळ्यांच्या सांधी, तळाचा मागचा कोपरा आणि डोलकाठी जेथे टेकते ती जागा यांकडे प्रथम लक्ष द्यावे. लाकडावर बोटाने ठोकले असता खणखणीत आवाज येत असेल, तर ते बहुधा निरोगी असते. बद्द आवाज कुजल्याची शंका निर्माण करतो. आकड्यांनी जोडलेल्या होडीत गंज बाहेर आला आहे का, हे पाहावे. प्लायवूडच्या होडीत थर सुटलेले असू शकतात. फायबरच्या होडीत पृष्ठभागावरील बारीक भेगांपेक्षा दाबल्यावर लवचणारा भाग अधिक चिंतेचा असतो.

उथळ पाण्याच्या होडीचे सर्वांत नाजूक अंग म्हणजे सेंटरबोर्डची पेटी. काठावर आदळणे, खडे अडकणे आणि फळीवर येणारा आडवा ताण यांमुळे या पेटीचा तळाशी असलेला सांधा सैल होतो आणि गळती बहुधा तेथूनच सुरू होते. पेटीभोवती नव्याने भरलेला लांबीचा थर दिसला, तर तो कधी व का भरला, हा प्रश्न खरेदीदाराने विचारलाच पाहिजे.

त्यानंतर हवाबंद कप्पे पाहावेत. होडी उलटली तरी बुडू नये, यासाठी तिच्यात हवेचे कप्पे किंवा पिशव्या असतात. कप्प्याला चीर पडली असेल, तर कोरड्या जागी ते लक्षातही येत नाही. म्हणून सुरक्षित, कमरेएवढ्या पाण्यात होडी मुद्दाम आडवी करून पुन्हा उभी करणे आणि नंतर कप्प्यांत पाणी शिरले का ते पाहणे, ही साधी चाचणी होय. शिडाचे कापड उन्हाने कमकुवत होते. त्याची शिवण बोटांनी ताणून पाहावी. डोलकाठीला आधार देणाऱ्या तारांची एखादी धार तुटलेली असली, तरी पूर्ण तार बदलणे योग्य ठरते.

कागदपत्रे आणि कायदा

देशांतर्गत जलमार्गांवरील नौकांसाठी १९१७ चा जुना कायदा होता. त्याची जागा अंतर्देशीय नौका अधिनियम, २०२१ ने घेतली. या कायद्यानुसार यंत्राने चालणाऱ्या नौकेची तपासणी आणि नोंदणी आवश्यक आहे. केवळ शीड किंवा वल्ही यांवर चालणाऱ्या होड्यांचा विचार त्यात स्वतंत्रपणे केलेला असून त्यांची नोंद स्थानिक पातळीवर ठेवण्याची तरतूद आहे. शिडाच्या होडीला मागे लहान इंजिन जोडले, तर ती अंशतः यंत्राने चालणारी ठरते. त्यामुळे इंजिनासह विक्री होत असेल, तर नोंदणी कोणाच्या नावावर आहे आणि ती हस्तांतरित कशी होणार, हे पैसे देण्यापूर्वीच स्पष्ट व्हायला हवे.

विक्रीचा व्यवहार वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कक्षेत येतो. या कायद्याचे मूळ सूत्र खरेदीदाराने सावध राहावे, हे आहे. व्यापारी नसलेल्या व्यक्तीकडून जुनी वस्तू घेताना तिच्या दर्जाची हमी आपोआप मिळत नाही. मात्र याचा अर्थ विक्रेत्याला सर्व काही झाकण्याची मुभा आहे, असा नव्हे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ नुसार माहीत असलेली वस्तुस्थिती जाणूनबुजून दडवणे ही फसवणूक ठरते आणि अशा स्थितीत खरेदीदार करार रद्द ठरवून घेऊ शकतो. कुजलेल्या फळीवर रंग फासणे आणि ती फळी कुजली आहे हे सांगून कमी किमतीत होडी देणे, यांत कायद्याच्या दृष्टीनेही मोठे अंतर आहे.

म्हणून लहान व्यवहारातही लेखी विक्रीपत्र करणे इष्ट असते. होडीची लांबी, बनावट, शिडावरील क्रमांक, सोबत दिलेली शिडे, वल्ही, जीवरक्षक जाकिटे व गाडा यांची यादी, ज्ञात दोष, किंमत आणि ताबा दिल्याची तारीख यांचा त्यात उल्लेख असावा. शर्यतीच्या वर्गातील होडी असल्यास तिचे मोजमापाचे प्रमाणपत्रही द्यावे.

किंमत ठरवताना

क्रीडा व विहारासाठीच्या नव्या नौकांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. हौसेसाठी वापरलेली स्वतःची होडी विकणाऱ्या, हा व्यवसाय नसलेल्या व्यक्तीला तो आकारावा लागत नाही. साहजिकच जुन्या होडीचे आकर्षण वाढते. तरीही खरेदीदाराने नवे शीड, तारा, रंगकाम, वाहतूक आणि होडी ठेवण्याच्या जागेचा खर्च मूळ किमतीत मिळवून पाहावा. ठेवायला छप्पर आणि उतरवायला घाट नसेल, तर स्वस्तातली होडीही महाग पडते.

सौद्यात सांगायची शेवटची गोष्ट

होडीबरोबर पाण्याचीही माहिती देणे, हे चांगल्या विक्रेत्याचे लक्षण आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या वेळी हुगळीत पाण्याची भिंत उलट दिशेने चढत येते. बंगालीत तिला ‘बान’ म्हणतात. लाट काठावर अधिक जोराने फुटते, म्हणून जाणते नावाडी बान येण्यापूर्वी होड्या काठापासून सोडवून नदीच्या मध्यभागी नेतात. महाराष्ट्रातील नावाड्याची सहजप्रवृत्ती काठ गाठण्याची असते. येथे तीच घातक ठरू शकते.

दुसरा धोका कालबैशाखीचा. महाराष्ट्रातील वळवासारखे हे वादळ उन्हाळ्यात दुपारनंतर अकस्मात येते. २१ मे २०२२ रोजी रवींद्र सरोवरात वल्हवण्याचा सराव सुरू असताना अशाच वादळात नाव उलटली आणि दोन शाळकरी मुलांचा मृत्यू झाला. तलाव शहराच्या मध्यवस्तीत होता, काठ नजरेच्या टप्प्यात होता. तरीही ही दुर्घटना घडली.

उथळ पाणी सुरक्षित असते, हा समज त्या दिवशी खोटा ठरला. उथळ पाण्याची होडी हलकी असते, म्हणून ती काठाला सहज लागते. ती हलकी असते, म्हणूनच वादळात सहज उलटते. अशा वेळी हवाबंद कप्पे शाबूत आहेत की नाहीत आणि अंगावर जाकीट आहे की नाही, यांवर सर्व काही अवलंबून राहते. ज्या कुटुंबाने त्या होडीतून अनेक वर्षे आनंद घेतला, त्याला तिच्या खोडी सर्वांत आधी ठाऊक असतात. त्या खोडी नव्या मालकाच्या हाती कागदावर लिहून देणे हा सौद्यातला तोटा नव्हे. उद्या त्या होडीत दुसऱ्या कुणाची मुले बसणार आहेत, याची ती जाणीव होय.