आतड्याचा क्षय की क्रोन आजार? : खानदेशच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

जळगाव व धुळे जिल्ह्यांत पोटात वारंवार कळ येणे, दीर्घकाळ जुलाब, बारीक ताप आणि घटत जाणारे वजन अशी लक्षणे दिसली की प्रथम आतड्याच्या क्षयाची शंका घेतली जाते. क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या देशात ही शंका रास्तच आहे. तथापि, याच लक्षणांमागे क्रोन हा दीर्घकालीन आजारही असू शकतो. हा आजार बहुधा १५ ते ३५ या वयात सुरू होतो. म्हणजेच त्याचा रुग्ण महाविद्यालयाच्या वर्गातही असू शकतो. म्हणून प्राध्यापकवर्गाला या आजाराची ओळख असणे अगत्याचे आहे.

आजाराचे स्वरूप

१९३२ मध्ये न्यूयॉर्क येथील माउंट सिनाई रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग व गॉर्डन ओपनहायमर यांनी १४ रुग्णांच्या आधारे या विकाराची क्षयाहून वेगळी अशी मांडणी केली. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा आतड्यावरच उलटते. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही दाह होऊ शकतो. मात्र लहान व मोठे आतडे जेथे जुळतात तो भाग अधिक बाधित होतो. दाह आतड्याच्या संपूर्ण जाडीत पसरत असल्याने आतडे अरुंद होते किंवा भगंदर निर्माण होते. हा आजार संसर्गजन्य नाही.

निदानातील पेच

आतड्याचा क्षयही प्रामुख्याने याच सांध्यावर होतो. दोहोंत व्रण आढळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या गाठीही दिसतात. क्षयाचे जंतू सापडल्यास प्रश्न मिटतो. परंतु आतड्याच्या नमुन्यात ते अनेकदा सापडत नाहीत. अशा वेळी क्षयाची औषधे सुरू करून दोन-तीन महिन्यांनी दुर्बिणीने पुन्हा तपासणी केली जाते. व्रण भरले असल्यास क्षयाचे निदान बळकट होते. केवळ बरे वाटणे हा पुरावा नव्हे, कारण क्रोनच्या रुग्णालाही काही काळ आराम पडू शकतो. व्रण न भरल्यास औषधांना दाद न देणारा क्षय आहे की क्रोन, याचा फेरविचार करावा लागतो.

येथील चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. क्रोनच्या रुग्णास क्षयाची औषधे पुन्हा पुन्हा दिल्यास आतडे अरुंद होत जाते. क्षयाच्या रुग्णास स्टेरॉइड दिल्यास क्षय पसरतो. म्हणूनच ‘गुण आला’ असे म्हणून दुसरी तपासणी टाळणे हितावह नाही. जुने अहवाल जपून ठेवणेही तितकेच आवश्यक आहे. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो वा जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, पुढे मुंबई वा पुण्यास जाणाऱ्या रुग्णासाठी हीच कागदपत्रे आधार ठरतात.

उपचार व दैनंदिन जीवन

क्रोन समूळ बरा होत नाही, परंतु आटोक्यात ठेवता येतो. दाह शमवण्यासाठी स्टेरॉइड अल्पकाळ दिले जाते. पुढे अझाथायोप्रिन किंवा इन्फ्लिक्सिमॅबसारखी जैविक औषधे वापरतात. जैविक औषधांपूर्वी सुप्त क्षयाची तपासणी करावी लागते. आतडे अरुंद झाल्यास वा फाटल्यास शस्त्रक्रिया करावी लागू शकते. तथापि, त्यानंतरही आजार उलटू शकतो. बरे वाटते म्हणून औषध परस्पर बंद करू नये. धूम्रपानाने आजार बळावतो. वेदनाशामक गोळ्याही वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नयेत.

तिखट शेवभाजीमुळे हा आजार होतो असे सिद्ध झालेले नाही. मात्र आतडे अरुंद झालेल्या रुग्णास कळण्याची भाकरी किंवा बियांचे भरीत त्रासदायक ठरू शकते. पिकलेले केळे, मऊ भात बहुधा सोसतो. पथ्य व्यक्तिपरत्वे ठरते. सरसकट उपवासाने कुपोषण वाढते. एप्रिल-मे महिन्यांत, खानदेशात पारा चाळिशीपार गेलेला असताना, जुलाब होणाऱ्या रुग्णाने जलसंजीवनी जवळ बाळगावी.

महाविद्यालयाची भूमिका

परीक्षांचा हंगामही त्याच सुमारास येतो. वर्गातून वारंवार उठणारा विद्यार्थी बेशिस्त असेलच असे नाही. विद्यार्थिनी तर संकोचापायी व विवाहाच्या चिंतेने आजार लपवतात. स्वच्छ व उघडी असलेली प्रसाधनगृहे, परीक्षागृहात दाराजवळची जागा, वैद्यकीय प्रमाणपत्रावर हजेरीचा सहानुभूतिपूर्वक विचार आणि माहितीची गोपनीयता एवढ्या गोष्टी महाविद्यालयास सहज शक्य आहेत.

समारोप

क्रोनच्या रुग्णास प्रथम अचूक निदान आणि नंतर आयुष्यभराची साथ लागते. निदान वैद्यकशास्त्राच्या हाती आहे. साथ देण्यात शिक्षकाचाही वाटा आहे. विद्यार्थ्याचे शिक्षण आजारामुळे अर्धवट सुटू नये, एवढे या जाणिवेतून साधले तरी ते मोलाचे ठरेल.