डेटाबेसचं 'सबस्क्रिप्शन' संपलं म्हणजे काय? ते पुन्हा कसं सुरू करतात?

दुकानाच्या मुख्य सर्व्हरवर विक्रीची नोंद होते आणि काही सेकंदांत ती रिपोर्टसाठी ठेवलेल्या दुसऱ्या सर्व्हरवरही दिसते. याला रेप्लिकेशन म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये मूळ डेटा देणारा पब्लिशर, प्रत घेणारा सबस्क्रायबर आणि त्यांच्यातली जोडणी म्हणजे सबस्क्रिप्शन. यात पैशांचा संबंध नाही, पण मुदत मात्र असते.

मुदत कशासाठी?

ट्रान्झॅक्शनल रेप्लिकेशनमध्ये प्रत्येक बदल आधी 'डिस्ट्रिब्युशन' डेटाबेसमध्ये जातो आणि तिथून सबस्क्रायबरकडे. सबस्क्रायबर बंद असला की बदल तिथेच साचतात. डिस्क भरू नये म्हणून दोन मर्यादा आधीच ठरवलेल्या असतात:

- ७२ तास: तोवर बदल पोहोचले नाहीत, तर सफाईचा जॉब ते पुसतो आणि सबस्क्रिप्शन निष्क्रिय होतं.
- ३३६ तास, म्हणजे १४ दिवस: तोवरही संपर्क झाला नाही, तर सबस्क्रिप्शनच काढून टाकलं जातं.

मग करायचं काय?

एजंट नुसता रीस्टार्ट करून भागत नाही. मधले बदल पुसले गेल्यामुळे प्रत नव्यानेच घ्यावी लागते.

सबस्क्रिप्शन निष्क्रिय असेल तर ते 'रीइनिशिअलाइज' करून नवा स्नॅपशॉट पाठवतात. काढून टाकलं गेलं असेल तर नव्याने तयार करतात. 'पुल' प्रकारात सबस्क्रायबरवर जुन्या नोंदी उरतात, त्या आधी हाताने काढाव्या लागतात. डेटाबेस फार मोठा असेल तर स्नॅपशॉटऐवजी बॅकअप रिस्टोअर करूनही सुरुवात करता येते.

धोका कुठे आहे?

मूळ सेटिंगनुसार स्नॅपशॉट लावताना सबस्क्रायबरवरची जुनी टेबल्स काढून नवी बनवली जातात. त्या टेबलांमध्ये कुणी तिथल्या तिथे भरलेला डेटा किंवा बनवलेले इंडेक्स त्यासोबत जातात. म्हणून आधी सबस्क्रायबरचा बॅकअप घ्यावा.

पुन्हा असं होऊ नये म्हणून

रेप्लिकेशन मॉनिटरमध्ये मुदत संपत आल्याचा इशारा मिळतो, तो सुरू ठेवावा. ७२ तासांची मर्यादा वाढवता येते, पण मग डिस्कवर जागाही जास्त लागते. 'सबस्क्रिप्शन कधीच संपू नये' असाही पर्याय आहे. मात्र तो निवडला तरी ७२ तासांची मर्यादा लागूच राहते.