तसबिरीमागची भिंत

लंडनच्या केन्सिंग्टन भागातील स्टॅफर्ड टेरेसवरच्या १८ क्रमांकाच्या घरात पाऊल टाकताच प्रथम जाणवते ती ऐश्वर्याची नव्हे, दाटीची सत्ता. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचा चित्रकार एडवर्ड लिन्ली सँबोर्न आणि त्याची पत्नी मॅरियन हे नवपरिणीत दांपत्य १८७५ साली येथे राहावयास आले, आणि अवघ्या दोन वर्षांनी केलेल्या जिनसांच्या यादीत नुसत्या सरळ पाठीच्या खुर्च्याच ६६ भरल्या! फुलदाण्या, चिनी मातीची भांडी, रंगीत काचांच्या खिडक्या आणि इंचभर जागा मोकळी न सोडणाऱ्या तसबिरी यांचा पसारा निराळाच.

मॅरियनचे वडील शेअर दलाल, पण सँबोर्न दर आठवड्याच्या चित्रावर पोट भरणारा माणूस. त्यामुळे मिजास आणि काटकसर या घरात एकाच छपराखाली सुखेनैव नांदत. प्रख्यात नक्षीकार विल्यम मॉरिसच्या वेलबुट्टीचा भिंतीचा कागद जुना वाटू लागला, तेव्हा दिवाणखान्याच्या भिंतींवर चामड्याचा भास देणारा सोनेरी, उठावदार नक्षीचा कागद चढला. परंतु तो महाग असल्याने तसबिरींनी झाकलेल्या जागी डकवलाच नाही. पाहुण्यांना दिसेल तेवढीच भिंत श्रीमंत करण्याची ही युक्ती आपल्याकडच्या गृहिणींनाही परकी वाटू नये. तिचा लाभ मात्र पुढल्या पिढ्यांना झाला, कारण तसबिरीमागे मॉरिसचा मूळ कागद सुरक्षित राहिला.

घर हेच सँबोर्नचे कार्यालय होते. चित्र मुदतीत द्यावयाचे, म्हणून तो छायाचित्रांचा आधार घेई. नोकरचाकर, मुले, गाडीवान, आणि कोणी हाती न लागल्यास स्वतः सँबोर्न, सोंगे घेऊन कॅमेऱ्यापुढे उभे राहत. कैरोपासून केपपर्यंत आफ्रिका खंडावर पाय फाकून उभा असलेला साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्स १८९२ साली काढला, तो याच चित्रकाराने. मॅरियनने मात्र जेवणावळी, खर्च आणि दुखणीखुपणी यांची रोजनिशी ठेवली, आणि माझ्या मते या वास्तूचा तोच अधिक विश्वासार्ह दस्तऐवज होय.

सँबोर्न १९१० मध्ये व मॅरियन १९१४ मध्ये निवर्तली. अविवाहित पुत्र रॉय १९४६ पर्यंत तेथेच राहिला आणि त्याने फारसे काही हलवले नाही. वास्तुरक्षणाच्या इतिहासात आळसाचे हे ऋण क्वचितच मान्य केले जाते. व्हिक्टोरियन अभिरुचीची तेव्हा सर्वत्र टवाळी होत होती, तरी पुढे सँबोर्नची नात ॲन, काउंटेस ऑफ रॉस, हिने घर जपले. तिच्याच पुढाकाराने, कवी जॉन बेट्जमन, कला-इतिहासकार निकोलाऊस पेव्ह्सनर प्रभृतींच्या साह्याने, १९५८ मध्ये व्हिक्टोरियन वास्तूंच्या रक्षणासाठी व्हिक्टोरियन सोसायटी स्थापन झाली, तीही याच वास्तूत. त्या मंडळींनी लंडनच्या यूस्टन रेल्वे स्थानकाची भव्य कमान वाचवण्याची शिकस्त केली, पण १९६१-६२ च्या सुमारास ती पाडली गेलीच. सँबोर्नचे घर मात्र १९८० मध्ये बृहन् लंडनच्या नगरपरिषदेने विकत घेतले, आणि दिवाणखान्यातल्या तसबिरी आजही आपापल्या कागदाच्या तुकड्यावर पहारा देत आहेत.