‘ताई, तुम्ही घेतली का?’



‘करोना गेला, मग सोयगावच्या कामात लसीचा विषय अजून का?’ असे मंडळीतील एका ज्येष्ठ बांधवांनी मला विचारले. प्रश्न रास्त आहे. पण त्या काळात मनात बसलेली भीती आजही बाळांच्या लसीकरणाच्या दिवशी आडवी येते. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. सुरुवातीला लस कमी आणि शहरात रांगा मोठ्या. पुढे ती पुरेशी मिळू लागली, तेव्हा अजिंठ्याच्या डोंगरालगतच्या आमच्या वस्त्यांवर पथक आले की माणसे शेतात निघून जात. नोव्हेंबर २०२१ च्या सुरुवातीला राज्यात सुमारे ७४ टक्के पात्र लोकांनी पहिला डोस घेतला होता. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात मात्र हे प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास होते.

हे अडाणीपणामुळे झाले, असे म्हणणे सोपे आहे. मीही आधी तसेच समजत होते. भिल्ल वस्तीवरच्या पहिल्याच भेटीत मी सांगून टाकले, ‘काही होत नाही, घ्या.’ एका बाईने घेतली आणि तिला दोन दिवस ताप आला. कापूस वेचणीचे दिवस होते, तिची मजुरी बुडाली. पुढच्या खेपेस मला कोणी बसायलाही सांगितले नाही. चूक माझी होती. लस घेतल्यावर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते, हे मी आधीच सांगायला हवे होते.

मग मी बोलणे कमी केले आणि ऐकू लागले. कोणी म्हणे, मूल होत नाही. कोणी म्हणे, दोन वर्षांत माणूस मरतो. या अफवा मोबाइलवरून आल्या होत्या. पण दवाखान्यात नेलेला माणूस घरी परतला नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. भीतीला तिथून खतपाणी मिळाले.

आपल्यातलेही काही जण मागे नव्हते. लस म्हणजे प्रकटीकरणातील श्वापदाची खूण, असे संदेश विश्वासणाऱ्यांमध्येही फिरत होते. ती खूण आपण कोणाची उपासना करतो याविषयी आहे, दंडावरच्या सुईविषयी नाही. लूक वैद्य होता आणि चांगल्या शोमरोन्याने प्रार्थनेवर न थांबता जखमा बांधल्या, हे आपण विसरू नये.

लस काय करते, हे मी असे सांगत असे: चोर येण्याआधी राखणदाराला त्याचा चेहरा दाखवून ठेवायचा. आपल्याकडे दिलेल्या कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिनमध्ये जिवंत करोना विषाणू नव्हता. शरीराला फक्त त्याची ओळख करून दिली जात होती.

त्यावर एका म्हातारीने विचारले, ‘ताई, तुम्ही घेतली का?’ मी मोबाइलवरचे प्रमाणपत्र दाखवले आणि मलाही ताप आला होता हे सांगितले. जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. सव्वाशे वर्षांनंतरही लोकांचा प्रश्न तोच आहे.

आशाताईंशी बोलून आम्ही बाजाराच्या आदल्या दिवशी, संध्याकाळची वेळ ठरवली. दुसऱ्या दिवशी वेचणी नसते, म्हणजे मजुरी बुडत नाही. तापाच्या गोळ्या सोबत दिल्या. त्या संध्याकाळी म्हातारी सर्वांत पुढे होती. सगळे आले नाहीत, हेही खरे.

त्याच नोव्हेंबरात जिल्हा प्रशासनाने किमान एक डोस घेतल्याशिवाय रेशन आणि पेट्रोल न देण्याचा आदेश काढला. रांगा वाढल्या. पण रेशनसाठी दंड पुढे करणाऱ्याच्या मनातला प्रश्न तसाच राहतो आणि तो पुढे नातवंडांच्या लसीपर्यंत पोहोचतो. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली, तेव्हा लस न मिळालेली मुले किती धोक्यात असतात हे दिसले. गोवर-रुबेलाची पहिली लस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत द्यायची असते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांत नेमकी दुसरी चुकते.

म्हणून विनंती: आपल्या घरी कामाला येणाऱ्या ताईंना बाळाच्या लसीचे कार्ड आहे का, एवढे प्रेमाने विचारा. आशाताईंसाठी, स्थलांतरित कुटुंबांसाठी आणि आम्हाला ऐकून घेण्याचा धीर मिळावा म्हणून प्रार्थना करा.