गादी सरकली म्हणजे नेमके काय?

सुपे परिसरात ज्वारी उपटताना, कांदा काढताना दिवसभर ओणवे राहावे लागते. त्यातच खताचे पोते अंग पिळून उचलले की कंबर धरते. ‘गादी सरकली’ असे आपण म्हणतो; प्रत्यक्षात ती जागची हलत नाही. मणक्यांमधील गादीचे आवरण कमजोर होऊन ती फुगते, नस दाबते, म्हणून कळ पायात उतरते. बहुतेकांचे दुखणे ६ ते १२ आठवड्यांत शस्त्रक्रियेविना ओसरते. अंथरूण धरू नये. सोसेल तेवढे चालावे. कंबर झटक्याने मोडून घेऊ नये. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली, तरी ती दोघांनीच, गुडघ्यात वाकून, पोटाशी धरून उचलावी. लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळे पडले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कांदा थांबेल.