वाचनाची साधने (लेखांक ६) : ई-रीडरचे पान कोणाचे?

मागच्या आठवड्यात मोबाइलवरच्या वाचनाबद्दल लिहिले होते. ई-रीडरलाही त्याच रांगेत बसवून ‘स्क्रीनवर वाचून डोळे शिणतात’ असे सरसकट म्हटले जाते. हा त्या यंत्रावर अन्याय आहे, कारण त्याचे पान उमटते तेच वेगळ्या रीतीने.

मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो. ई-रीडरचे पान बाहेरून पडलेला प्रकाश परत पाठवते, कागद पाठवतो तसाच. पृष्ठभागाखाली केसाच्या जाडीएवढ्या लाखो कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात काळे-पांढरे कण. एका रंगाच्या कणांवर धन विद्युतभार, दुसऱ्यांवर ऋण. खालून योग्य विद्युतदाब दिला की एका रंगाचे कण वर येतात, दुसरे तळाशी जातात. काळे वर आले तिथे अक्षर दिसते. अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे तंत्र विकसित केले आणि १९९७मध्ये त्यातून ई-इंक ही कंपनी उभी राहिली. सोनीने २००४मध्ये जपानात या पडद्याचे यंत्र विकायला काढले. २००७च्या नोव्हेंबरात ॲमेझॉनचे किंडल आले.

कण एकदा जागेवर बसले की वीज बंद झाली तरी तिथेच राहतात. वीज खर्च होते ती मुख्यतः पान बदलताना, म्हणून एकदा चार्ज केलेले यंत्र कित्येक दिवस चालते. भर उन्हात मोबाइल फिका पडतो; हे पान तिथेच सर्वांत स्वच्छ दिसते. अलीकडच्या यंत्रांत दिवे असतात, पण तेही कडेने पानावर उजेड पाडतात, वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर रोखलेले नसतात.

तरीही माझ्या लेखी या यंत्राचा सर्वांत मोठा गुण अक्षर मोठे करता येणे हाच आहे. साठी उलटलेले किती तरी चांगले वाचक केवळ बारीक टाइपामुळे वाचन सोडतात. जाडजूड कादंबरी छातीवर धरवत नाही, चष्म्याचा नंबर वाढत जातो, आणि हळूहळू हात टीव्हीच्या रिमोटकडे वळतो. अशा माणसाला हलके यंत्र आणि हवे तेवढे मोठे अक्षर मिळाले, तर त्याचे वाचन परत मिळू शकते. घरात असे कोणी असेल तर इतर सगळे मुद्दे बाजूला ठेवून यंत्र घ्यावे, असे मी निःसंकोच सांगेन.

मात्र मराठीत इथेच अडचण येते. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तके २०१६च्या डिसेंबरपासून मिळू लागली, पण आपली जुनी पुस्तके बहुतेक स्कॅन केलेल्या पीडीएफच्या रूपात फिरतात. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. तो मोठा केला की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवावे लागते. युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये जुळवलेल्या पुस्तकांचे दुखणे आणखी वेगळे. त्यांचे रूपांतर करताना रफार भलत्या अक्षरावर जातो, जोडाक्षरे फुटतात, आणि मुद्रितशोधन पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. प्रकाशक ते टाळतो तेव्हा वाचकाच्या हाती सदोष पुस्तक येते.

वाचलेले किती लक्षात राहते, यावर नॉर्वेच्या आन्ने मांगेन आणि सहकाऱ्यांचा २०१९मधला अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. पन्नास जणांपैकी निम्म्यांनी एक दीर्घ रहस्यकथा किंडलवर वाचली, निम्म्यांनी छापील पुस्तकात. बहुतेक कसोट्यांवर दोन्ही गट सारखे ठरले, पण घटनांचा क्रम लावताना छापील वाचणारे सरस निघाले. डाव्या हाताखाली साठत जाणारी पाने कथेतले अंतर सांगत असावीत.

पण माझी मुख्य तक्रार मालकीबद्दल आहे. मोठ्या दुकानांतून ई-पुस्तक ‘विकत’ घेतले की साधारणपणे मिळतो तो वाचण्याचा परवाना. २००९च्या जुलैत ऑर्वेलच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’च्या प्रती ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून दूरस्थपणे पुसल्या. विकणाऱ्याकडे त्यांचे हक्कच नव्हते. पैसे परत केले, पुढे जेफ बेझोस यांनी माफीही मागितली. पण घरातल्या पुस्तकापर्यंत दुकानदाराचा हात पोचतो, हे दिसायचे ते दिसले. मायक्रोसॉफ्टने २०१९मध्ये ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा विकलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. पैसे तिथेही परत मिळाले. २०२५च्या फेब्रुवारीत ॲमेझॉनने पुस्तक संगणकावर उतरवून केबलने किंडलवर घेण्याची सोयही काढली. असे पुस्तक मैत्रिणीला देता येत नाही, रद्दीवाल्याकडून कोणाच्या हाती जात नाही, गावच्या वाचनालयाला भेट देता येत नाही. मराठी वाचक वाढला तो मुख्यतः उसन्या पुस्तकांवर. म्हणून जे पुस्तक पुढे कोणाला द्यावेसे वाटेल, ते मी कागदावरच घेते.

एक वाट मात्र सदोष मजकूर आणि मालकी या दोन्ही अडचणींतून बाहेर नेते. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे साहित्य स्वामित्वहक्कातून मुक्त होते. १९५०मध्ये गेलेल्या साने गुरुजींचे लेखन २०११पासून सर्वांचे आहे. मराठी विकिस्रोतावर अशा पुस्तकांची स्कॅन केलेली पाने शेजारी ठेवून स्वयंसेवक मजकूर तपासतात, दुरुस्त करतात. तयार झालेले पुस्तक ईपबमध्ये उतरवता येते, यंत्रावर त्याचे अक्षर हवे तेवढे मोठे होते आणि त्याची प्रत कोणालाही देता येते. या कामाला माणसे कमी पडतात. शुद्धलेखनाची जाण, मराठी टंकलेखन आणि रोजचा थोडा वेळ एवढे पुरते. निवृत्त शिक्षकांनी आणि मुद्रितशोधकांनी तिथे जरूर नाव नोंदवावे.